मकडीवाला गेम

६ नोव्हेंबर, गुरुवार

गार्गीच्या कॅफेची खरी किंमत आज मनाशी मांडली. भाडं, डिपॉझिट सोडून द्या, ते बँकेला माहीत आहे. खरी किंमत अशी: तिची एसी ऑफिसातली नोकरी. सौ.चा अबोला, दसऱ्यापासून चालू. माझा दुपारचा डुलका, कारण तिचं सगळं वायरिंग मीच उभा राहून करून घेतलं. आणि माझा एक शब्द. तो तिने भिंतीवर रंगवून घेतलाय.

जागा इथेच इंदुरात, भंवरकुआंला, हॉस्टेलांच्या गल्लीत, पहिला मजला. आत जुने डबा टीव्ही, जुने व्हिडिओ गेम, कॉफी, मॅगी. कोचिंगची पोरं-पोरी तासावर येऊन खेळणार. समोरच्या भिंतीवर लाल अक्षरांत, हातभर मोठी: "बाबा ने ये गेम ख़त्म किया था। आप?" खाली आठ पायांची एक मकडी.

बाबा म्हणजे मी.

सौ. आज पाहून आली. जिना उतरताना म्हणाली, "नाव नाही, फोटो नाही, नुसतं बाबा. लोकांना वाटेल कुठले तरी महाराज आहेत." अबोल्यातलं पहिलं पूर्ण वाक्य. शुभ समजतो.

९ नोव्हेंबर, रविवार

गार्गी म्हणते, तुमची ती गोष्ट लिहून द्या, मेनूकार्डाच्या मागे छापू. तिच्यासाठी छोटी लिहीन. इथे नीट लिहून ठेवतो.

वडील शाळेत शिपाई. मी कॅसेट प्लेयर उघडायला शिकलो ते एका ओळखीच्याच्या ओट्यावर बसून. मग कृष्णपुऱ्याच्या पुलाकडे पत्र्याची एक खोली घेतली आणि त्यात टीव्ही मांडून व्हिडिओ गेमचा पार्लर काढला. शाळा सुटली की बाहेर सायकलींची रांग. त्या पार्लरमधून पुढे टीव्ही रिपेअरिंग, त्यातून इन्व्हर्टर, त्यातून एसी सर्व्हिस. आज दोन गाड्या फिरतात, माझ्या नावाच्या. कोणाचं शिफारसपत्र नाही, कोणी काका-मामा नाही.

आणि हा गेम. पिवळी कॅसेट, दिल्लीचा माल, वर जपानी अक्षरं. नाव कोणालाच वाचता येईना म्हणून आम्ही म्हणायचो मकडीवाला. तुमचं छोटं जहाज डावीकडून निघतं, समोरून विमानं, दगड, तोफा. सात टप्पे. शेवटी आभाळभर मकडी, तिचे पाय तोडायचे, मग डोळा फोडायचा. सगळं शहर सहाव्या टप्प्यात मरायचं. मी मकडी मारली. एका दिवाळीत, भर गर्दीत, सगळ्यांसमोर. माझ्याआधी इंदुरात कोणी नाही. माझ्यानंतर मारणारा मी तरी पाहिलेला नाही.

कानांमुळे जमलं. मी तो गेम बघून कमी आणि ऐकून जास्त खेळायचो. काउंटरवर पाठ करून बसलेला असलो तरी कोण कुठल्या टप्प्यात आहे, आता कुठे मरणार, सांगायचो. पोरं चिडायची.

गार्गी लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आली. जेवत नसली की मी तीच सांगायचो.

१४ नोव्हें., शुक्रवार

उघडलं. नारळ सौ.ने फोडला, म्हणजे मान्यता. (तोंडाने नाही म्हणाली.)

गार्गीचा भागीदार चेतन. देवासकडचा, कंप्युटरचा इंजिनियर, बारीक, चष्मा, प्रत्येक वाक्याला "अंकलजी". मुलगा कामाचा आहे. फक्त स्क्रू काढला की खिशात ठेवतो आणि विसरतो.

गर्दी बरी. मिक्सर चालू, गाणी चालू, चार टीव्ही चालू, तरी कोपऱ्यातल्या दोघांचं ऐकू आलं. एक मुलगी आणि तिचा मित्र, दोघं कोचिंगवाले. भिंतीकडे बघून मुलगी म्हणाली, "अंकल ने फेंकी है." तो म्हणाला, "लंबी फेंकी है भिया, सीधी भोपाल में गिरी."

त्यांची मॅगी मी स्वतः नेऊन ठेवली. वर सेव जास्त टाकली. म्हटलं, "और कुछ फेंकूँ?" मुलगी इतकी लाजली की तिला पाण्याचा ठसका लागला. नाव पूजा. सतनाची. सीएची तयारी.

गार्गीने ते पाहिलं आणि माइक घेऊन जाहीरच करून टाकलं: अठ्ठावीस डिसेंबर, रविवार, बाबा सगळ्यांसमोर बसून गेम संपवणार. नाही संपवला तर भिंत पुसणार.

मला न विचारता. पोरगी माझीच आहे.

मी म्हटलं, अठ्ठावीसपर्यंत कशाला थांबायचं, चहा गार व्हायच्या आत संपवतो. टाळ्या.

१६ नोव्हें., रविवार

चेतनच्या मावसभावाने असली जपानी मशीन पाठवली. आपल्याकडे तेव्हा यायच्या त्या नकली, ही असली. गेमची कॅसेटही असली. सगळे उभे राहून बघत होते, मी ऐटीत बसलो.

दुसऱ्या टप्प्यात मेलो.

पुन्हा बसलो. पुन्हा दुसऱ्यातच.

म्हटलं, "चेतन, तेरी मशीन भाग रही है."

"अंकलजी, एकदम ओरिजिनल है."

"ओरिजिनल होगी. भाग रही है. गाना सुन."

तो ऐकत होता पण त्याला ऐकू येत नव्हतं. पहिल्या टप्प्याचं गाणं माझ्या हाडात आहे. हे तेच गाणं होतं, पण शाळेला उशीर झाल्यासारखं.

गार्गी हसत होती. "बाबा, चहा गार झाला."

१७ नोव्हें., सोमवार

व्होल्टेज असेल म्हणून दुकानातून चांगला अडॅप्टर नेला. तेच. दुसरा नेला. तेच.

मग माळ्यावरून माझी जुनी मशीन काढली. पार्लर बंद केला तेव्हा एक ठेवली होती, जुन्या बेडशीटमध्ये गुंडाळून. कॅसेट पुसली, बसवली, लागली! जुन्या मालाला मरण नाही. दोन्ही टीव्ही शेजारी शेजारी ठेवून गेम एकदम सुरू केले.

विचित्र आहे. कॅसेट प्लेयरची मोटर तेज झाली की लयही पळते आणि सूरही चढतो, बाईचा आवाज लहान पोरीसारखा होतो. इथे सूर जागच्या जागी आणि नुसती लय पळते. चेतनच्या मशीनवर गाणं संपलं तेव्हा माझ्याकडे एक ओळ बाकी होती.

चेतनला म्हटलं, दोष तुझ्या मशीनमध्ये आहे. तो म्हणाला, "अंकलजी, आप बड़े हैं." म्हणजे त्याला पटलेलं नाही.

जुन्या मशीनवर लगे हात खेळून पाहिलं. सहज सहाव्यापर्यंत. बोटांना सगळं आठवतं. मग दु.तून फोन आला म्हणून उठलो, नाहीतर मकडीही गेली असती.

१९ नोव्हें., बुधवार

पलासियाच्या सिग्नलवर उलगडा झाला.

एका क्लिनिकचा एसी बघायला चाललो होतो. सिग्नल लाल, समोर आकडे उलटे मोजत होते. साठ, एकोणसाठ... साठ!

आपला टीव्ही सेकंदाला पन्नास चित्रं दाखवायचा. जपानचा साठ. गेम चित्रं मोजून चालतो. जपानने साठच्या हिशोबाने बनवला, नकलीवाल्यांनी आपल्यासाठी पन्नासवर बसवला आणि पाठवून दिला. म्हणजे चेतनची मशीन पळत नाहीच. आपली झोपलेली होती. माझी, पुलाकडच्या पार्लरमधली, भोपाळ-उज्जैनची, सगळ्यांची.

गाडीच्या मागे हॉर्न. रिक्षावाला डोकं बाहेर काढून: "भिया, हरी हो गई! सोच बाद में लेना!"

टीव्ही उघडून उघडून ज्याचं पोट भरलं, त्या माणसाला हे इतकी वर्षं सुचलं नाही. पन्नास आणि साठ मला झोपेतही माहीत. फक्त ते गेमला कधी लावून पाहिलं नाही. का पाहीन? जिंकत होतो.

मी मारली ती मकडी अर्धवट झोपेत होती.

कोणाला सांगितलं नाही. क्लिनिकमध्ये डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमची तब्येत बरी आहे ना?

२१ नोव्हें., शुक्रवार

सांगून टाकलं. दोन दिवस पोटात ठेवून पाहिलं, पचेना.

कॅफे दुपारी रिकामा असतो तेव्हा गेलो. दोन्ही मशीन लावल्या आणि ऐकवलं. या वेळी चेतनला ऐकू आलं. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. तो बरोबर होता, पण खूष व्हावं की नाही हे त्याला ठरवता येईना.

मग म्हणाला, "अंकलजी, अठ्ठावीस तारीख को आपकी वाली लगा देंगे. किसी को क्या पता चलेगा?"

खोटं कशाला बोलू, मलाही आधी तेच सुचलं होतं. पडद्यावर फरक कोणाला दिसणार? माझी मशीन, माझी कॅसेट, त्यात खोटं तरी काय? मकडी मेली असती, भिंत राहिली असती, गार्गीचा धंदा चालला असता.

पण दुकानदार आहे मी. बोर्डावर जे लिहिलं तोच माल गिऱ्हाइकाच्या हातात गेला पाहिजे. भिंतीवर लिहिलंय "ये गेम". हा गेम म्हणजे जो बनवणाऱ्याने बनवला तो. कमी दाबाची बॅटरी पूर्ण दाबाची म्हणून मी कधी विकली नाही, आता या वयात काय विकू.

म्हटलं, असलीवर खेळणार.

गार्गी म्हणाली, "ठीक आहे बाबा."

तिचं "ठीक आहे" मला लहानपणापासून ऐकून माहीत आहे. आजचं अर्धा सूर खाली होतं. तिने नोकरी सोडली, आईशी भांडली आणि त्या सगळ्याच्या वर माझा शब्द लावला. हॉस्टेल-हॉस्टेलात अठ्ठावीस तारखेची चर्चा आहे. तिथेच मी तोंडघशी पडलो तर पोरं हसतील, आणि हसणारं गिऱ्हाईक परत येतं असं म्हणतात ते खोटं आहे.

जिन्यात मागून आली. "बाबा, खरंच जमेल?"

म्हटलं, "बेटा, जागी असलेली मकडीही मकडीच आहे."

डायलॉग चांगला होता. जमेल की नाही ते माहीत नाही.

२२ नोव्हें., शनिवार

असली मशीन घरी आणली. प्रॅक्टिस सकाळी, दु. उघडायच्या आधी.

दुसरा टप्पा. दुसरा टप्पा. दुसरा टप्पा.

३० नोव्हें., रविवार

थंडी पडली. बोटं सकाळी लाकडासारखी. गरम पाण्यात बुडवून बसतो. सौ. म्हणाली, "लग्नात इतके हात धुतले नव्हते."

तिसऱ्यापर्यंत जातो आता. चौथ्यात दगडांचा पाऊस आहे तिथे मरतो. डोळे पोचतात, बोटं पोचत नाहीत. गाणं डोक्यात जुन्या लयीतच चालू राहतं, आणि समोरचा गेम पुढे निघून गेलेला असतो. जुनी सवय मोडायची म्हणून आता स्कूटरवर, दुकानात, जेवताना नव्या लयीत गुणगुणतो. दु.तला कारागीर सुरेश म्हणाला, "भिया, कुछ टेंशन है क्या?"

५ डिसेंबर, शुक्रवार

चौथा पार! घरात कोणी नव्हतं. शेजारच्या दळवी काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अभिनंदन हो, कितवा मजला?" त्यांना वाटलं आमचं घर बांधणं चालू आहे.

९ डिसें., मंगळवार

गार्गीचा फोन. आवाज बरा. अठ्ठावीसला बसायला जागा कमी पडेल म्हणून खालच्या झेरॉक्सवाल्याच्या खुर्च्या सांगितल्यात. मग सहज विचारल्यासारखं, "कुठपर्यंत आलात?"

"पाचवा."

"सात आहेत ना?"

"सात आहेत."

मग म्हणाली, "बाबा, भिंतीला रंग द्यायला तसं काही लागत नाही हां. एक डबा."

माझ्यावर दया दाखवणारी माझी पोरगी! फोन ठेवला आणि लगेच बसलो. दु. अर्धा तास उशिरा उघडलं. बाहेर सुरेश शटरला टेकून उभा.

१५ डिसें., सोमवार

मकडीपर्यंत पोचलो. पहिल्यांदा असलीवर.

तिने तीन सेकंदांत मारलं.

जुन्या मशीनवरचा माझा हिशोब असा होता: मकडी मोठा झोत सोडायच्या आधी घुर्र असा खालचा आवाज करते. घुर्र ऐकू आला की वर जायचं, झोत खालून जातो. यात मधे श्वास घ्यायला वेळ असायचा. असलीवर घुर्र आणि झोत जवळजवळ एकदमच. ऐकू येतं तोवर मेलेला असतो.

म्हणजे ज्या कानांच्या जोरावर जिंकलो, तेच आता उशिरा पोचतात.

१८ डिसें., गुरुवार

आज सौ. मेथी निवडत शेजारच्या खोलीत बसली होती. मी खेळत होतो. मधेच तिकडून आवाज: "मेलात ना?"

तेव्हा मी जिवंत होतो. पुढच्या क्षणी मेलो.

उठून विचारलं, तुला कसं कळलं?

"अहो, रोज सकाळी तेच तेच ऐकतेय. ते जनावर गुरगुरायच्या आधी ढोल एक ठोका खातो."

परत लावून ऐकलं. खरंच! मागे ढोल सारखा चालू असतो, आणि घुर्र यायच्या बरोबर आधी एक ठोका गळतो. मी घुर्रची वाट पाहत होतो म्हणून मला ते ऐकूच येत नव्हतं.

सौ. म्हणाली, "तुम्ही शिट्टी झाल्यावर कुकर उतरवायला धावता. शिट्टीच्या आधी कुकर सांगत असतो."

इतकं बोलून मेथी घेऊन आत. मी तिच्या पाया पडायचा बाकी होतो. अबोला बहुतेक संपला आहे. विचारलेलं नाही, विचारलं तर परत चालू होईल.

२१ डिसें., रविवार

ठोका गळला की वर. ठोका गळला की वर. हात अजून घुर्रची वाट बघतो. दोन पाय तोडले.

२४ डिसें., बुधवार

सगळे पाय. डोळा बाकी होता.

संध्याकाळी सराफ्याच्या खाऊगल्लीत गराडू खायला सौ.ला घेऊन गेलो. तळलेला कंद, गरम, वर लिंबू-मसाला. गराडूवाला कढईत झारा आपटत होता आणि मी ताल धरून बसलो होतो. सौ. म्हणाली, "घरी चला. तुम्ही इथे नाही आहात."

२७ डिसें., शनिवार

आज खेळलो नाही. कुस्तीच्या आदल्या दिवशी पैलवान हात-पाय दाबून घेतो, आखाड्यात उतरत नाही. चेतन मशीन घेऊन गेला. जाताना पाया पडला. देवासकडची माणसं संस्कारी.

अजून एकदाही मारलेली नाही. इथे लिहून ठेवतो, कारण बाहेर सगळ्यांना सांगितलंय की तीनदा मारली.

२८ डिसें., रविवार

मारली.

क्रमाने लिहितो.

कॅफे भरलेला, जिन्यात लोक, झेरॉक्सवाला स्वतःच्याच खुर्चीला पाठ टेकून उभा. माझा साडू सहकुटुंब आला. पार्लरच्या काळातली दोन जुनी गिऱ्हाइकं आली, दोघांचे केस गेलेले, त्यातला एक म्हणाला, "भिया, आज तरी सांगू नका आम्ही कुठे मरणार." सौ. पहिल्या रांगेत, पर्स मांडीवर.

सुरू करायच्या आधी मीच माइक घेतला. हिंदीत सांगितलं: तेव्हा मी खेळलो ती मशीन हळू चालायची, आपली सगळ्यांचीच चालायची. ही असली आहे, भागती है. आता जे होईल ते समोर होईल. मग मागून पूजाचा आवाज, "अंकल, पहले खेल तो लो!" सगळे हसले, मीही. बरं झालं, छाती मोकळी झाली.

तीन जहाजं मिळतात. पहिलं चौथ्यात घालवलं, शुद्ध मूर्खपणा, साडूच्या फोनची रिंग वाजली आणि मी तिकडे बघितलं. दुसरं सहाव्यात. गार्गी टीव्हीच्या बाजूला उभी होती, ती पडद्याकडे बघत नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

शेवटचं जहाज आणि मकडी.

डोळे जवळजवळ मिटलेच. ढोल, ढोल, ढोल, ढोल... गळला. वर. झोत खालून गेला. लोकांचा आवाज नंतर आला. पाय एक. पाय दोन. तिसऱ्या पायाला चुकलोच होतो, कसा वाचलो देव जाणे. मग मागे काहीच ऐकू येईना, नुसता ढोल. मकडीचा डोळा उघडला, मी समोर जाऊन उभाच राहिलो, दाबत राहिलो, दाबत राहिलो.

स्फोट! पडदा पांढरा.

हातातला रिमोट खाली टाकला आणि दोन्ही हात वर. चेतन ओरडला ते देवासला ऐकू गेलं असेल. पूजा आणि तिचा मित्र पुढे आले. तो म्हणाला, "मान गए भिया." पूजा म्हणाली, "अंकल, मैगी मेरी तरफ़ से." जुन्या गिऱ्हाइकांनी मला उचलायचा प्रयत्न केला, अर्ध्यातच कंबर धरून बसले.

गार्गी रडली. मग खिशातून लाल रंगाचा मार्कर काढला आणि भिंतीवर "किया था" च्या खाली लिहिलं: "और फिर किया."

सौ.ने पर्समधून पेढे काढले. म्हणजे आणून ठेवले होते. म्हटलं, हरलो असतो तर? "तर घरी जाऊन खाल्ले असते."

२९ डिसें., सोमवार

दु.त दिवसभर हेच. सुरेशने गिऱ्हाइकांना माझ्याऐवजी सांगितलं, जरा वाढवूनच. व्हिडिओ पूजाच्या मित्राने काढलाय, सगळीकडे फिरतोय. पुण्याहून चुलत भावाचा फोन: "तू अजून हेच करतोस का?" म्हटलं, अजून हेच करतो आणि अजून मीच जिंकतो.

कॅफेत दुपारीसुद्धा जागा नव्हती, गार्गी सांगत होती. आवाज पूर्ण सुरात. असली मशीनवर नंबर लावून लोक बसतायत. तिला म्हटलं, बघ, खरा माल विकला की असं होतं. तिने ऐकून घेतलं. बापाला आज सगळं माफ.

माझी पोरगी नोकरी सोडून उभी आहे आणि तिच्या भिंतीवरचं एक अक्षरही खोटं नाही. कमावलं म्हणजे काय, हे.

३१ डिसें., बुधवार

व्हिडिओ कितव्यांदा बघितला, मोजलं नाही. आज सकाळी चष्मा सापडेना म्हणून नुसता ऐकला.

मकडी मरते. स्फोट. टाळ्या, चेतनची किंकाळी, कोणीतरी शिट्टी मारतं. त्या सगळ्या कल्लोळाच्या खाली गेमचं गाणं परत लागलेलं. पहिल्या टप्प्याचं. ते मला माहीत होतं. पार्लरमध्येही मकडी मेली की पहिलं चित्र परत यायचं, आणि मी लगेच रिसेट दाबायचो. नियमच होता: मकडी मेली, डाव संपला, रांगेतला पुढचा बसेल. गाण्याचे दोन सूरही मी कधी वाजू दिले नसतील.

पण आज ते वाजत राहिलं होतं. कोणी रिसेट दाबलाच नव्हता. आणि त्या गाण्याच्या खाली एक दुसरा आवाज होता, जो पहिल्या टप्प्यात नसतो. खर्जातला, लांब ओढलेला.

चष्मा शोधून बघितलं. रंग वेगळे. गुणांचे आकडे शून्यावर गेलेले नाहीत, पुढे चालू आहेत. पहिल्या टप्प्यातली ती छोटी विमानं, जी बिचारी नुसती येऊन मरतात, ती गोळ्या झाडत होती. माझं जहाज मधोमध उभं, चालवणारा पेढा खात होता. मेलं.

चेतनला फोन केला. तो बराच वेळ काही शोधत होता, टाइप केल्याचं ऐकू येत होतं. मग त्याने घसा साफ केला. माणूस घसा साफ करतो तेव्हाच कळतं.

"अंकलजी, गार्गी को मैं बताऊँ या आप?"

मीच सांगेन म्हटलं. संध्याकाळी जाणार आहे. मशीन घरी परत आणायची का तेही तेव्हाच ठरवू.

गेम दोन फेऱ्यांचा आहे. दुसऱ्या फेरीतली मकडी मेली की मग तो संपतो. पहिल्या फेरीत अर्धा होतो.